लक्झेंबर्गची गौर

"पोतनीस? गोणपाटाच्या पोत्याशी काही संबंध नाही हं. यातलं पोतं म्हणजे खजिना. तुझे पूर्वज खजिना सांभाळायचे आणि तू आलीस अकाउंट्समध्ये. रक्त बरोबर वाट काढतं बघ!"

दुबईतल्या नोकरीची ती माझी पहिली सकाळ होती. खांद्यावरची पर्सही अजून उतरली नव्हती, तेवढ्यात उषाताई सावंतांनी माझ्या सात पिढ्या मार्गाला लावल्या होत्या. मग त्यांनी माझा पासपोर्ट घेतला, फोटो घेतले, चहात साखर किती ते विचारलं आणि म्हणाल्या, "चित्रा हे नाव छान आहे, पण त्यात विचारण्यासारखं काही नाही." मला उगाचच अपराधी वाटलं.

उंच टॉवरना बाहेरून काचा बसवणारी आमची छोटी कंपनी. मुख्य कचेरी लक्झेंबर्गला, आमचं ऑफिस शेख झायेद रोडवर. तिथे उषाताई अॅडमिनिस्ट्रेशन बघायच्या. म्हणजे व्हिसा, स्टेशनरी, वाढदिवसाचे केक, प्रिंटरचे रुसवेफुगवे आणि बॉसचा मूड, सगळंच. सुटाबुटातल्या त्या ऑफिसात त्या सुती साडी नेसून यायच्या, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज आणि अंगात तपकिरी स्वेटर. बाहेर ऊन माणूस भाजत असलं तरी आत एसीमुळे त्या बाराही महिने कुडकुडत असायच्या. चष्मा साखळीनं गळ्यात लटकायचा आणि कुठलाही नवा शब्द कानावर पडला की तो आपोआप नाकावर चढायचा.

"म्हणजे काय?" हा त्यांचा श्वास होता. आणि लगेच पुढचा प्रश्न, "याचं माहेर कुठलं?"

त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक शब्द एका घरी जन्मतो आणि दुसऱ्या घरी नांदायला जातो. तिथे त्याचे कपडे बदलतात, हाक बदलते, पण चेहरेपट्टी आईचीच राहते. टॅक्सीत बसल्याबसल्या त्यांनी पेशावरच्या ड्रायव्हरला 'यल्ला'चं, म्हणजे इथल्या 'चला लवकर'चं, माहेर विचारलं होतं. तो म्हणाला, "बाजी, 'या अल्ला'." त्यानंतर आठवडाभर ऑफिसात कोणी "यल्ला, यल्ला, मीटिंग!" असं ओरडलं की त्या हात जोडून वर बघायच्या.

त्यांच्या चुकाही अशाच दणदणीत असायच्या. 'अमिरात' हा शब्द 'इमारत'वरूनच आला, असं त्यांनी खिडकीबाहेरच्या टॉवरकडे बोट दाखवून जाहीर करून टाकलं होतं. व्हिसाचे कागद घेऊन सरकारी कचेऱ्यांत जाणारे आमचे सुदानी सहकारी तीन दिवस सहन करत होते. शेवटी त्यांनी कागदावर दोन्ही शब्द अरबीत लिहून दाखवले. पहिलं अक्षरच वेगळं, दोन्हींचा काडीचा संबंध नाही. उषाताईंना वाईट वाटेल असं आम्हाला वाटलं. त्या उलट आनंदानं उडाल्याच. "अरे वा! म्हणजे दोघी बहिणी नाहीत, नुसत्या दिसायला सारख्या!" त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना समोसे मागवले.

त्यांना स्वतःला मात्र कोणी कधी 'म्हणजे काय' असं विचारत नसे. विचारलं तर जेवणाची सुट्टी संपेल, ही भीती सगळ्यांना होती. त्यांचे यजमान माधवराव तर बोलायच्या फंदातच पडत नसत. शारजाच्या एका छापखान्यात ते नोकरी करायचे. रोज सकाळ-संध्याकाळ तिथल्या ट्रॅफिक जाममध्ये अडकून अडकून त्यांना एक प्रकारचं योग्यांचं मौन साधलं होतं.

२००८ साली पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आला, म्हणजे सुट्टीचा दिवस. म्हणून आम्ही पेढे आणि छातीवरचे छोटे तिरंगे गुरुवारीच वाटले. आमचे बॉस मिस्टर नीको उंच, लाजाळू आणि अबोल. त्यांनी पेढा खाल्ला, तिरंगा लावून घेतला आणि हळूच म्हणाले, "उद्या आमच्याकडेही सुट्टी असते."

सेल्समधला एक जण चमकला. "सर, तुम्हालापण इंग्रजांनीच सोडलं?"

मिस्टर नीकोंना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ते म्हणाले, मेरीमातेचा सण असतो. हेड ऑफिसच्या सुट्ट्यांच्या यादीत त्याचं फ्रेंच नाव आहे, 'असोंप्सियों'. मेरी स्वर्गात गेली तो दिवस.

उषाताईंचा चष्मा नाकावर चढला होता. "हे यादीतलं झालं, सर. घरी काय म्हणता? मदर काय म्हणते?"

साहेब कानापर्यंत लाल झाले. एखाद्याला शाळेतलं टोपणनाव विचारावं तसं त्यांचं झालं. मग त्यांनी तो शब्द उच्चारला, "लेइफ्रावॅशडाख."

मग उषाताई म्हणाल्या, "सर, व्हॉट इज द माहेर ऑफ धिस वर्ड?"

माहेर म्हणजे काय हे साहेबांना समजावण्यात दहा मिनिटं गेली. ते समजल्यावर मात्र गडी एकदम खुलला. म्हणाला, आमच्याकडे कागदोपत्री फ्रेंच, शाळेत आणि वर्तमानपत्रात जर्मन, आणि स्वयंपाकघरात लक्झेंबर्गिश. हा शब्द स्वयंपाकघरातला. 'लेइफ फ्रा' म्हणजे प्रिय बाई, आमची मेरीमाता. 'डाख' म्हणजे दिवस. आणि 'वॅश' म्हणजे... इथे साहेब अडकले. इंग्रजी शब्द सुचेना. पँट्रीत उषाताईंची भाजीची पिशवी होती. तिच्यातली मेथीची जुडी साहेबांनी उचलली, मुठीत उंच धरली आणि म्हणाले, "धिस! धिस इज वॅश!"

"जुडी!" उषाताई किंचाळल्या. "अगं चित्रा, देवाच्या आईचा सण आणि नाव ठेवलंय जुडीवरून! प्रिय बाईंच्या जुडीचा दिवस!"

मग साहेबांनी सगळं सांगितलं. त्या सुमाराला पीक हाताशी आलेलं असतं. बायका कुंपणाच्या कडेची औषधी झाडं, ओट्स आणि गव्हाच्या ओंब्या, गाजराचा फुलोरा, पुदिना असं काय काय एकत्र बांधून चर्चमध्ये नेतात आणि त्यावर तीर्थ शिंपडून घेतात. मेरीचं थडगं उघडलं तेव्हा आत तिच्या जागी फुलं आणि औषधी पाला निघाला, अशी गोष्ट आहे. ती जुडी वर्षभर घरात टांगायची. वीज कडाडायला लागली की चिमूटभर पाला चुलीत टाकायचा. चर्चनं सणाला मोठं नाव दिलं; पण लोकांनी ठेवलं ते हातात जे होतं त्याचं. साहेबांचा तर असा कयास होता की ही जुडीची रीत चर्चच्याही आधीची असेल. "पण आईसमोर असं बोललेलं चालत नाही," ते घाईघाईनं म्हणाले.

"जुडीत कुठली झाडं असावीच लागतात?" उषाताईंनी विचारलं.

"ज्याच्या कुंपणाला जी असतील ती. आमची आणि शेजाऱ्यांची कधी सारखी नसायची."

उषाताई खुर्चीत बसल्या. साहेबांच्या हातातली मेथीची जुडी त्यांनी मांडीवर घेतली. मग त्या म्हणाल्या, "सर, माझ्याकडेपण एक प्रिय बाई येते. जुडीच असते तीसुद्धा."

त्या जुडीचं कौतुक मी त्याच सप्टेंबरात डोळ्यांनी पाहिलं. सावंतांचं गाव कणकवलीजवळ आणि त्यांच्याकडे तेरड्याची गौर. भाद्रपदात रानात फुललेला तेरडा मुळासकट उपटायचा, जुडी बांधायची, तिला मुखवटा लावायचा, साडी नेसवायची, ती माहेरवाशीण. गावाहून सासूबाई ओल्या फडक्यात गुंडाळलेला तेरडा दरवर्षी कोणा येणाऱ्याबरोबर दुबईला पाठवायच्या. गौर पाणवठ्यावरून आणायची आणि आणताना चकार शब्द बोलायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. अल बर्शात सावंत आणि मी एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो, तिथे पाणवठा म्हणजे गच्चीवरचा स्विमिंग पूल. तिथून सहाव्या मजल्यापर्यंत लिफ्टनं येण्याचा तेवढा वेळ, वर्षातून एकदा, उषाताई गप्प राहायच्या. लिफ्टमध्ये शेजारची मुलं विचारायची, "आंटी, व्हॉट इज दॅट?" आणि आंटींचे गाल फुगायचे, डोळे मोठे व्हायचे, पण शब्द फुटायचा नाही. माधवराव त्यांच्या बाजूला उभे असायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी तेव्हाच काय ते पूर्ण समाधान पाहिलं.

नंतरच्या काही आठवड्यांतच जगभरची मंदी आली आणि सगळं कोसळलं. क्रेन जिथल्या तिथे थांबल्या. आमच्या काचांची खोकी बंदरातूनच परत जायला लागली. दर गुरुवारी कोणाचा तरी निरोप समारंभ, आणि केक आणायला उषाताईच. केकवाल्यानं एकदा विचारलं, "मॅडम, आपके ऑफिसमें इतने बर्थडे?" त्या म्हणाल्या, "हां भैया, सब का नया जनम हो रहा है." आमच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आम्ही हसत होतो. माधवरावांचा छापखाना पुढच्या वसंतातच बंद झाला. उन्हाळ्यापर्यंत ऑफिसात आम्ही तिघंच राहिलो: साहेब, उषाताई आणि मी. ईद झाली की ऑफिसला कुलूप लागणार होतं आणि सावंत मंडळी कायमची गावी जाणार होती.

साहेबांनी जुमेराचा व्हिला सोडला आणि आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले. त्यात त्यांच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिकडे बघायला कोणी नाही, म्हणून त्यांनी आईला इकडे आणलं, तेही ऐन जुलैत. लिझीआजी हाडापेरानं मजबूत, केस कापसासारखे पांढरे, इंग्रजीचा गंध नाही. आल्यापासून त्या पडदे ओढून खोलीत बसल्या होत्या. जेवायच्या नाहीत, बोलायच्या नाहीत. साहेब ऑफिसात येऊन डोकं धरून बसायचे.

"सर, सण कधी आहे त्यांचा? ती आपली जुडी?" उषाताईंनी विचारलं. "शनिवारी ना? चित्रा, शुक्रवारी गाडी काढ."

ऑगस्टातल्या दुबईत रानपाला शोधणं हा शहाण्या माणसाचा उद्योग नव्हे. माझी गाडी, पेट्रोल माझं आणि आवाज उषाताईंचा. शारजाच्या भाजीबाजारात पाल्यासकट गाजरं मिळाली. पुदिना, शेपू, ताजा जातर मिळाला. जातर म्हणजे इथली लोकं रोटीवर तेलात कालवून खातात तो सुगंधी पाला. त्याचं माहेर विचारण्यात अर्धा तास गेला. ओंब्या एका फुलवाल्याकडे शोभेच्या म्हणून ठेवलेल्या होत्या. "एका ओंबीचे पाच दिरहम? म्हणजे साठ-पासष्ट रुपये! गावी एवढ्यात पोतं येईल," असं म्हणत त्यांनी सहा घेतल्या. पिवळं फूल हवंच, असं साहेबांनी सांगितलं होतं; ते बर दुबईच्या देवळाच्या गल्लीत शेवंतीच्या रूपानं भेटलं. शेवटी आपल्या गॅलरीतल्या कुंडीतला कढीपत्ता उषाताईंनी वर खोचला. मी म्हटलं, "अहो, याचा काय संबंध?" त्या म्हणाल्या, "ज्याच्या कुंपणाला जे असेल ते. माझ्या कुंपणाला हेच आहे."

शनिवारी लिझीआजींसमोर त्यांनी ती जुडी धरली आणि छातीत हवा भरून म्हणाल्या, "लेइफ्रावॅशडाख!" उच्चार बहुधा भयंकर असणार. आजींनी डोळे बारीक केले. जुडी हातात घेतली. मग सरळ तिची गाठ सोडली, सगळा पाला मांडीवर पसरला आणि एकेक काडी पुन्हा लावायला घेतली. कढीपत्त्याशी थांबल्या, वास घेतला, उषाताईंकडे पाहिलं आणि तो मधोमध ठेवून अशी करकचून गाठ मारली की साहेब हसूनरडून वेडे झाले. मग आजींनी पडदा उघडायला लावला आणि कॉफी मागितली.

आम्ही सगळे त्यांना घेऊन चर्चमध्ये गेलो. फादर केरळचे होते. तीर्थ शिंपडताना त्यांना कढीपत्ता दिसला आणि त्यांचा चेहरा एकदम घरगुती झाला. घरी आल्यावर आजींनी जुडीची दोन शकलं केली. अर्धी स्वतःच्या दारावर टांगली, अर्धी उषाताईंच्या हातात दिली आणि हातानं वीज कडाडल्याची खूण करून पुष्कळ काही समजावलं. उषाताईंनी तितकंच लांब उत्तर मराठीत दिलं. त्या दिवसापासून आजी काठी टेकत रोज सावंतांकडे यायला लागल्या. एकीला मराठी कळायचं नाही, दुसरीला लक्झेंबर्गिश, आणि दोघींचं बोलणं मात्र कधी थांबायचं नाही.

पुढच्याच आठवड्यात रमजान आणि गणपती हातात हात घालून आले. गौर तोंडावर आली आणि तेरड्याचा पत्ता नाही. सासूबाईंनी जुडी बांधून ठेवली होती, पण ज्याच्याबरोबर ती यायची त्याचाच व्हिसा रद्द झाला होता. दुसरा कोणी शोधावा तर त्या वर्षी दुबईहून जाणारेच सगळे; येणारा कोणीच नाही.

लग्न झाल्यापासून उषाताईंची गौर एकदाही चुकली नव्हती. बाळंतपणात नाही, परदेशात नाही. आणि ही तर दुबईतली शेवटची. गौरीच्या आदल्या संध्याकाळी मी गेले, तर पाट मांडलेला, साडीला इस्त्री केलेली, मुखवटा पुसून ठेवलेला, बांधायचा दोरासुद्धा काढून ठेवलेला आणि उषाताई जमिनीवर भिंतीला टेकून बसलेल्या. स्वेटर नव्हता. "जाऊ दे, चित्रा," त्या म्हणाल्या. "ऑफिस गेलं, घर चाललंय, आता हिनंही यायचं नाही असं ठरवलं असेल तर मी तरी कोणाला विचारू?"

मला भीतीच वाटली. उषाताईंना प्रश्न पडला नाही, असं आजवर कधी झालंच नव्हतं.

रोजच्यासारख्या लिझीआजी आल्या. त्यांनी उषाताईंकडे पाहिलं, रिकाम्या पाटाकडे पाहिलं, मग दोऱ्याकडे. दोरा उचलून बोटाभोवती गुंडाळून बघितला. आयुष्यभर जुड्या बांधलेल्या बाईला, इथे काय बांधायचं राहिलंय ते सांगायला भाषा लागली नाही. त्यांनी स्वयंपाकघरातली कात्री घेतली आणि गॅलरीत गेल्या. तुळस, मोगरा, गवती चहा, कढीपत्ता, पुदिना, कुंडीत आपोआप उगवलेली मेथी. प्रत्येक फांदी कापताना तिचं नाव घेत होत्या, माहीत नसेल तिथे नुसतं "हम्म" म्हणत होत्या. हातभर मोठी जुडी झाली. ती उषाताईंच्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "वॅश."

उषाताई कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. गळ्यातला चष्मा हळूहळू नाकावर चढला.

"चित्रा," त्या म्हणाल्या, "सर काय म्हणाले होते? सणाचं नाव जुडीचं आहे. त्यात कुठल्या झाडाचं नावच नाही! गावी कुंपणाला तेरडा होता म्हणून गौर तेरड्याची झाली. माझ्या कुंपणाला जे आहे त्याची का नाही होणार?" आणि त्या ताडकन उठल्या. "फोन आण. आईंना विचारते."

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग स्पीकरवरून त्यांचा खणखणीत आवाज आला, "बांधली कोणी?"

"एक आजी आहेत, लक्झेंबर्गच्या. तुमच्याच वयाच्या."

"म्हातारीनं बांधलीय ना? मग घट्ट असेल. आण घरात."

दुसऱ्या दिवशी आम्ही गच्चीवर गेलो. पूलचं पाणी इतकं तापलेलं की त्यात गौरीचा काढाच झाला असता, नुसतं शिंपडलं. उषाताईंनी जुडी छातीशी धरली आणि ओठ मिटले. पण गप्प राहायचं, हे लिझीआजींना सांगायचं आम्ही सगळेच विसरलो होतो. लिफ्टमध्ये त्यांची अखंड टकळी चालू. शेजारच्या मुलीनं विचारलं, "आंटी, व्हॉट इज दॅट?" आणि उषाताईंचे गाल फुगले असतानाच आजींनी तिला लक्झेंबर्गिशमध्ये सविस्तर, अगदी पहिल्यापासून उत्तर दिलं. मुलगी म्हणाली, "ओके, कूल," आणि उतरून गेली. माधवरावांच्या खांद्यांना हसण्याचे हिसके बसत होते. उषाताईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण दार ओलांडेपर्यंत त्यांनी शब्द काढला नाही. मग काढला तो थांबेचना. आजींनी घावन-घाटलं तीनदा मागून घेतलं. गौरीचं विसर्जन बादलीत झालं आणि ते पाणी परत कुंड्यांना गेलं.

ईदनंतर मी सावंतांना विमानतळावर सोडायला गेले. दाराशी गळाभेट झाली आणि दोघं आत तपासणीच्या रांगेत लागली. मी काचेबाहेरून बघत होते. उषाताईंची हँडबॅग यंत्रातून गेली आणि थांबली. अबाया घातलेली तरुण पोलीस ऑफिसर उठली. तिनं बॅग उघडली आणि आतून लिझीआजींनी दिलेली ती अर्धी जुडी बाहेर काढली. दीड महिन्यात वाळून काळपट झालेला, ओळखू न येणारा पाला.

हे गांजा समजले तर? वाळका पाला घेऊन दुबईच्या विमानतळावर! या बाईनं गावी वीज पडू नये म्हणून स्वतःच आकाश अंगावर ओढून घेतलं होतं. माधवरावसुद्धा ट्रॉली सोडून दोन पावलं पुढे आले.

ऑफिसरनं जुडी नाकाशी नेली. एकदा हुंगली, पुन्हा हुंगली. तिच्या कपाळावरची आठी गेली आणि ती हसली. बहुधा जातर लागला. मग तिनं जुडी उषाताईंसमोर धरली, मान तिरकी केली आणि काहीतरी विचारलं. काचेतून ऐकू येत नव्हतं, पण तिच्या हाताची पालथी-उलथी खूण जगात सगळीकडे एकच असते: म्हणजे काय?

उषाताईंचा हात छातीवर गेला. चष्मा नाकावर चढला. त्यांनी खांद्यावरची शाल सावरली, मागच्या रांगेकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि उजव्या हाताची मूठ उंच धरली, मिस्टर नीकोंनी पँट्रीत मेथीची धरली होती तशीच.

माधवरावांनी ते पाहिलं, ट्रॉलीवरची मोठी सुटकेस खाली उतरवली आणि शांतपणे तिच्यावर बसले.